पुढच्या बाकावरची साळुंखी

फोटो आला तेव्हा सरदार गुरुजी चहा गाळत होते. ओट्यावर ठेवलेला फोन टुणकन वाजला. गुरुजींनी गाळणी तशीच कपावर टेकवली, हात लुंगीला पुसले आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावरच होता. तो नाकावर ओढून त्यांनी फोटो उघडला आणि रोजच्यासारखा सुस्कारा सोडला.

फोटोत साळुंखी होती एवढं नक्की. पण ओल्या कागदावर शाई पसरावी तशी पसरलेली. तपकिरी डाग म्हणजे अंग, काळा डाग म्हणजे डोकं, आणि त्या काळ्यात हळदीचं बोट ओढावं तसा पिवळा फराटा म्हणजे डोळ्याभोवतीची कातडी. खाली अजून एक पिवळा फराटा होता. तो पायाचा. पण पाय एक होता की दोन? गुरुजींना तेवढंच बघायचं होतं, आणि नेमकं तेवढंच दिसत नव्हतं.

एक पाय असला तर ती बानूची साळुंखी. दोन असले तर जगातली कुठलीही.

बानू म्हणजे गुरुजींची बायको. इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी करून गुरुजी निवृत्त झाले आणि माळेगावात हे छोटं घर बांधून दोघं राहायला आले. पुढं पडवी, पडवीपुढं अंगण, अंगणात शेवगा. संध्याकाळी आळीतली पोरं पडवीत पाटी-पुस्तकं घेऊन बसायची. गुरुजी फुकट शिकवायचे आणि बानू मधेच येऊन प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवून जायची. शेंगदाण्याचा लाडू, नाहीतर गुळाचा खडा. त्याच सुमाराला ती साळुंखी यायची. कुठल्यातरी नायलॉनच्या दोऱ्यात अडकून तिचा एक पाय वाळून गळून पडला होता. बाकीच्या साळुंख्या तिला दाण्यावरून हुसकायच्या. म्हणून बानू पडवीच्या कडेला बसून दुधात कुस्करलेली भाकरी तळहातावर धरायची, आणि ती एका पायावर टुणटुणत यायची आणि हातातून खायची.

"काकू, लंगडी आली!" पोरं ओरडायची.

"लंगडी म्हणू नका रे, तिला समजतं," बानू म्हणायची. "तोरा बघा की तिचा. बेगम आहे ती."

तेव्हापासून पोरांची ती लंगडी आणि बानूची बेगम. गुरुजींच्या जवळ मात्र ती कधी आली नाही. गुरुजी नुसते खुर्चीतून उठले तरी भुर्रकन शेवग्यावर. "माझ्या धाकात पोरं राहिली नाहीत, ही राहते," असं गुरुजी म्हणायचे आणि बानू हसायची.

गेल्या उन्हाळ्यात बानू आजारी पडली. बारामतीच्या दवाखान्यात नेली ती परत आली नाही. घर माणसांनी भरलं. पडवीत सतरंज्या पडल्या, चाळिसाव्या दिवसापर्यंत पाहुण्यांची ये-जा राहिली. त्या गर्दीत पाखराला कोण विचारतो? मग मुलगा अफजल गुरुजींना बंगळुरूला आपल्याकडं घेऊन गेला. पावसाळा सरत आला तेव्हा गुरुजी हट्टानं परत आले. पडवीच्या कडेला भाकरी ठेवून बसले. कावळे आले, चिमण्या आल्या, खारी आल्या. बेगम आली नाही.

अफजल दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं ते यंत्र आणलं. पाखरांना दाणे ठेवायची छोटी प्लॅस्टिकची पेटी, तिला पुढं काठी, आणि वर कॅमेऱ्याचा गोल डोळा. पाखरू येऊन बसलं की आपोआप फोटो निघतो. तो फोटो गुरुजींच्या फोनवर येतो, अफजलच्या फोनवर जातो आणि अफजलच्या लेकीच्या, सिमरनच्या, टॅबवरही जातो. अफजलनं शेवग्याच्या खोडाला पेटी बांधून दिली. पेटीचं तोंड घराकडं, म्हणजे सकाळचं ऊन पाखराच्या तोंडावर पडेल.

"तुम्हाला विरंगुळा होईल, अब्बा," तो म्हणाला.

"मला कसला विरंगुळा? मला वेळ कुठं असतो?" गुरुजी म्हणाले. "सकाळ वाचनालयात जाते, संध्याकाळी पोरं येतात."

हे ते फोनवरही रोज सांगायचे. अफजल 'तुम्ही कायमचे इकडंच या' म्हणाला की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "आणि इथल्या पोरांचं कोण बघणार?"

खरं सांगायचं तर पोरं येत नव्हती. शाळा सुटली की दाराशी पिवळी गाडी उभी राहायची आणि सगळी बारामतीच्या क्लासला जायची. वाचनालयात गुरुजी दोनदा जाऊन आले. ज्यांच्याशेजारी बसून पेपर वाचायचा ते कुंडलिकराव आता लेकाकडं हडपसरला राहायला गेले होते. मग गुरुजी पडवीतल्या खुर्चीत बसायला लागले. आधी थोडा वेळ, मग बराच वेळ. आणि हे अफजलला सांगायचं म्हणजे घराला कुलूप घालायचं. कुलूप घातलं आणि नेमकी दुसऱ्या दिवशी बेगम आली तर?

हे शेवटचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

कारखान्याचं गाळप सुरू झालं, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं वाजायला लागली, आणि एका सकाळी पेटीवर साळुंखी येऊन बसली. एकटी. साळुंख्या सहसा जोडीनं हिंडतात, ही एकटीच होती. गुरुजींनी चष्मा नाकावर ओढला. पण ते खुर्चीत, साळुंखी शेवग्याजवळ. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. त्यात साळुंखीचं तोंड पेटीकडं आणि पाठ गुरुजींकडं, त्यामुळं पाय काही दिसेनात. फोनवर आलेल्या फोटोतही पाय पेटीच्या कडेआड गेलेले. ते हळूच उठले, तर ती उडाली.

ती उडाली तेव्हा त्यांना वाटलं, ही काठीवर नीट तोल सांभाळत नव्हती. वाटलं, म्हणजे तशी खात्री नव्हती.

मग गुरुजींनी सगळ्या नोकरीत जे केलं तेच केलं. वर्गात एखादं पोर कच्चं असलं, कमी ऐकू येणारं असलं, की ते त्याला पुढच्या बाकावर घ्यायचे, अगदी टेबलाला लागून. "मागं बसून हुशार पोरं शिकतात. कच्चं पोर मास्तरच्या हाताशी पाहिजे," हे ते नव्या शिक्षकांना सांगायचे. एका पायाच्या पाखराला गोल काठीवर बसणं अवघड, तिथून दाण्यापर्यंत उड्या मारणं त्याहून अवघड. म्हणून त्यांनी तळहाताएवढी एक सपाट फळी घासून घेतली, पाय सरकू नये म्हणून तिच्यावर सुतळी गुंडाळली आणि ती फळी पेटीला अगदी चिकटवून, कॅमेऱ्याच्या डोळ्याखालीच बसवली. फळीवरच दुधात कुस्करलेली भाकरी. आलं की बसायचं, बसल्या जागी खायचं.

शेजारची कौसल्याबाई दूध घालायला आली ती किटली हातात धरून बघतच राहिली.

"गुर्जी, ह्ये काय? पाखराला पाट मांडलाय व्हय?"

"एका पायाची आहे ती. तिला आधार नको?"

"आमच्या मालकास्नी दोन पाय हायत, पर त्येबी जाग्यावरच ताट मागत्यात. एक फळी त्यास्नीबी करा."

गुरुजी हसले. मग म्हणाले, "कौसल्याबाई, तुमची नजर चांगली आहे. उद्या सकाळी जरा थांबून बघाल का, हिला पाय एक आहे का दोन?"

"मला शेरडं वळखू येत्यात गुर्जी, साळुंख्या न्हाय. सकाळच्याला धारा काढू का पाखराचं पाय मोजू? आन् तुमच्याकडं त्यो कॅमेरा हाय न्हवं?" तिनं दूध ओतलं. जाताना खुर्चीकडं बघून म्हणाली, "पर गुर्जी, जरा हिंडत-फिरत जावा. दिसभर हितं बसून त्या खुर्चीला मुळ्या फुटतील."

साळुंखीला फळी आवडली. ती रोज यायला लागली. भल्या पहाटे एकदा, दुपार कलली की एकदा, कधी दिवस मावळताना. प्रत्येक वेळी फोन टुणकन वाजायचा, आणि प्रत्येक वेळी फोटोत तोच पसरलेला डाग.

सिमरनला त्यांनी सगळं सांगितलं. ती चौथीत होती. शाळेतल्या एका मराठी मैत्रिणीचं ऐकून ती गुरुजींना आजोबा म्हणायची, आणि गुरुजींना ते आवडायचं.

"दादीची बेगम?" तिनं फोनवर डोळे मोठे केले. "नक्की?"

"तेच तर बघायचंय. पाय दिसला की नक्की. तू सांग, फोटो असा का येतो?"

"लेन्स पुसली का?"

गुरुजींनी बघितलं तर कॅमेऱ्याच्या काचेवर काळी बारीक धूळ बसलेली. तोडणी झालेल्या शेतात पाचट पेटवलं की काजळीचे तुकडे वाऱ्यावर येतात, धुण्यावर बसतात, इथं काचेवर बसले होते. गुरुजींनी सदऱ्याच्या टोकानं काच खसाखसा पुसली. दुसऱ्या दिवशी फोटो आणखीच धुरकट.

"आजोबा, कशानं पुसलं?"

"सदऱ्यानं."

"आणि डोक्याला तेल लावून मग?"

गुरुजींनी डोक्यावरून हात फिरवला. तेल लावलेलं होतं खरं.

"चष्म्याचं कापड घ्या. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग हलक्या हातानं पुसा. घासायचं नाही, चरे पडतात," सिमरननं बजावलं. ती असं समजावून सांगायला लागली की गुरुजी मुद्दाम एखादा प्रश्न जास्त विचारायचे. मास्तरला कळतं, सांगणाऱ्याला किती आनंद होतो ते.

काच लख्ख झाली. फोटोतला धूर गेला, डाग राहिला.

मग सिमरननं उजेडाचं सांगितलं. ती भल्या पहाटे येते, तेव्हा अंधुक असतं, उजेड कमी असला की कॅमेऱ्याला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती मान हलवते.

"कळलं," गुरुजी म्हणाले. "आमच्या शाळेच्या फोटोत आबाजी नावाचा एक पोरगा होता. फोटोवाला हलू नको, हलू नको म्हणत होता, आणि हा नेमका तेव्हाच मागं वळला. अजून शाळेच्या भिंतीवर त्याला दोन तोंडं आहेत."

सिमरन खूप हसली. मागून अफजलच्याही हसण्याचा आवाज आला. त्या दिवशी फोन ठेवल्यावर बराच वेळ गुरुजींना घर एवढं मोठं वाटलं नाही.

त्यांनी भाकरी ऊन वर आल्यावर ठेवायला सुरुवात केली. साळुंखी पहाटे येऊन रिकाम्या फळीवर बसून ओरडायची. गुरुजींचा जीव तुटायचा, पण ते खुर्चीतून उठायचे नाहीत. "थांब बाई, उजाडू दे," म्हणायचे. उजाडल्यावर मग भाकरी. आता फोटो झगझगीत यायला लागले. पण पूर्वी जी साळुंखी अंधारात पसरलेली असायची ती आता उन्हात पसरलेली दिसायला लागली. पाय एक की दोन, उत्तर काही मिळेना.

रविवारी सिमरनचा फोन आला, तोही व्हिडिओवर. बाजूला अफजल बसला होता, हातात चहा.

"आजोबा, मला कळलं!" सिमरन जागच्या जागी उड्या मारत होती. "कॅमेरा एकदम चांगला आहे. मी सगळे फोटो मोठे करून बघितले. बेगम पुसट आहे, पण मागचं सगळं क्लिअर आहे. पडवीचे खांब, ती निळी बादली, खुर्ची आणि तुम्ही. तुमच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येतात! सकाळच्या फोटोत तुम्ही आहात, दुपारच्या फोटोत तुम्ही आहात, संध्याकाळच्या फोटोतपण तुम्ही. एखाददुसरा सोडला तर एकसुद्धा फोटो असा नाही की तुम्ही नाही. आणि सगळ्यात क्लिअर तुम्हीच!"

गुरुजींनी अफजलकडं बघितलं. अफजल चहात बघत होता.

"म्हणजे काय, आजोबा?" सिमरननं स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "तुम्हीच मला सांगितलेलं. पुस्तक नाकाला लावून वाचता येतं का? नाही! एक हात लांब धरायचं. कॅमेऱ्याचंपण तसंच. ती फळी त्याच्या नाकाला लागलीय. लांब करा फळी."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही?"

"बरं अब्बा," अफजल म्हणाला, "ठेवू का? ऑफिसचा फोन येतोय."

रविवारी अफजलला ऑफिसचे फोन येत नाहीत हे गुरुजींना ठाऊक होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी जुने फोटो पुन्हा उघडले. आजवर त्यांनी फक्त साळुंखी बघितली होती. आता पहिल्यांदा तिच्या मागं बघितलं. खुर्चीत एक म्हातारा बसलेला. पुढच्या फोटोत तोच म्हातारा, तोच सदरा. एकात मान कलंडून झोपलेला, तोंड उघडं. दिवस मावळतानाच्या फोटोत, जेव्हा पडवी पोरांनी गजबजलेली असते असं ते रोज सांगायचे, तेव्हा कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या आणि खुर्चीत म्हातारा. एका फोटोपाशी ते थांबले. त्यात म्हाताऱ्याचा एक हात वर होता, बोटं फळ्यावर काही लिहून दाखवावं तशी, आणि तोंड बोलताना असावं तसं. समोर कोणी नव्हतं.

कधीचा फोटो असेल हा? काय शिकवत होतो आपण? गुरुजींना आठवेना.

हे सगळे फोटो अफजलच्या फोनवरही जात होते. त्याच क्षणी, टुणकन. आणि रात्री तो विचारायचा, "मग अब्बा, आज पोरं आली होती?" आणि ते सांगायचे, "आली होती की. आज भागाकार घेतला."

गुरुजी तडक उठले. चाकू घेतला, सुतळी कापली, फळी सोडवली. बांबूची एक लांब कामटी पेटीला बांधून तिच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी फळी बसवली, कॅमेऱ्यापासून चांगली हातभर लांब. फळी लांब नेताना त्यांना वाईट वाटलं. सगळ्या जन्मात त्यांनी कुठल्या कच्च्या पोराला पुढच्या बाकावरून उठवून मागं पाठवलं नव्हतं. पण त्याहून महत्त्वाचं काम त्यांनी शेवटी केलं. पेटीचे बंद सैल करून ती पेटी खोडावर फिरवली. आता कॅमेऱ्याचं तोंड मेंदीच्या कुंपणाकडं झालं. त्याला आता पडवी दिसणार नव्हती, खुर्ची नाही, कोणीच नाही.

संध्याकाळी कौसल्याबाईनं विचारलं, "गुर्जी, डबडं फिरवलं का?"

"उजेड चांगला येतो तिकडून," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन मेंदीवर आलं तशी त्यांनी फळीवर भाकरी ठेवली आणि ते आत जाऊन स्वयंपाकघरात उभे राहिले. पडवीत बसायची आता गरजच नव्हती. बानूची चहाची भांडी त्यांनी उगाच घासली. फोन ओट्यावर होता.

टुणकन.

चष्मा या वेळी नाकावरच होता. त्यांनी फोटो उघडला, आणि क्षणभर त्यांना वाटलं की कोणीतरी काच काढून साळुंखी समोर आणून बसवलीय. मानेवरची काळी पिसं रेशमासारखी. चोचीला चिकटलेला भाकरीचा कण. डोळ्यामागची पिवळी कातडी, तिच्यावरच्या सुरकुत्यासुद्धा. मागं मेंदीचा हिरवा रंग, आणि त्यापुढं साळुंखी. असा फोटो त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

खाली सुतळीवर दोन पाय होते. पिवळे, धड, दोन्हीची सगळी बोटं सुतळीत रुतवलेली.

गुरुजींनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. पाय दोनच राहिले.

बाहेर साळुंखी फळीवर खात होती. ती शेवग्यावर जाईपर्यंत गुरुजी स्वयंपाकघरातच उभे राहिले.

सिमरनचा फोन रात्री आला. तिनं टॅबवर फोटो बघितलेला होताच. आज ती उड्या मारत नव्हती.

"आजोबा, फोटो एकदम मस्त आलाय."

"तुझ्यामुळं आला."

"पण," ती थांबली, "मी मोजले. एक, दोन."

"हो बेटा. मीपण मोजले."

"कदाचित नवा पाय आला असेल?"

गुरुजींना एक क्षण मोह झाला. हो म्हटलं असतं तर ती हसली असती. पण पोरांना चुकीचं शिकवायचं नाही हा नेम त्यांनी आजवर मोडला नव्हता. बाकी कुठं मोडला असेल, पण पोरांच्या बाबतीत नाही.

"पाय पुन्हा येत नाही," ते म्हणाले. "ही दुसरी आहे. बेगम नाही."

सिमरननं टॅबवर फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाली, "पण ही रोज येते ना? मग हिचंपण नाव ठेवायला पाहिजे."

"ठेव की. मला सांग मग."

"विचार करून सांगते. अब्बू बोलतायत."

फोन अफजलकडं गेला. तो चालत दुसऱ्या खोलीत गेल्याचं गुरुजींना ऐकू आलं. दार लागल्याचा आवाज झाला.

"अब्बा, तुम्ही त्या साळुंखीसाठी तिथं राहिला होता?"

गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पोरं येत नाहीत रे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर. पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. आज भागाकार घेतला, आज अमक्याचं पोर रडलं. मला वाटलं, तेवढंच तुम्ही बोलताय तर बोलू दे."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचं गाणं लांब जाईपर्यंत दोघंही थांबले.

"आता या की इकडं, अब्बा. आता काय राहिलंय तिथं?"

"गाळप संपू दे," गुरुजी म्हणाले. गाळपाशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. "मग बघू."

"बरं." अफजलला सवय होती. "मग तोवर एक करा. कॅमेरा परत घराकडं फिरवा."

"का? आता तर फोटो चांगला येतोय. सिमरनला विचार."

"फोटो चांगला येतोय," अफजल म्हणाला. "पण मी ते पाखरं बघायला उघडत नव्हतो, अब्बा. मीटिंगमध्ये असलो तरी टेबलाखाली फोन धरून उघडायचो. तुम्ही खुर्चीत दिसला की ठेवून द्यायचो. आज दिवसभर नुसती मेंदी दिसली."

गुरुजींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडं अजून फोन चालू होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीचे बंद पुन्हा सैल केले आणि तोंड पडवीकडं फिरवलं. फळी मात्र हातभर लांबच ठेवली. पुढच्या बाकाची गरज असलेलं पोर आता वर्गात नव्हतं. फळीवर भाकरी कुस्करली, हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि खुर्चीत येऊन बसले. ताठ बसले. मग त्यांना वाटलं, शाळेच्या फोटोला बसतात तसे बसलोय, अफजल हसेल. थोडे सैल झाले. हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी मांडीवर ठेवले.

आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की कॅमेरा आपोआप उघडत नाही. पाखरू फळीवर बसलं तरच तो डोळा उघडतो. तोवर हे अंगण, ही पडवी, हा धुतलेला सदरा कोणालाच दिसत नाही.

साळुंखी समोरच्या तारेवर बसली होती. भाकरीकडं बघत होती, यायचं नाव घेत नव्हती.

"ये बाई," गुरुजी हळूच म्हणाले. "दोन पाय तर दोन पाय. ये."

ऊन शेवग्याच्या पानांतून खाली सरकत फळीवर आलं. कारखान्याचा भोंगा वाजला. साळुंखी तारेवरून उतरली, एक गिरकी घेऊन फळीवर बसली आणि मान वाकडी करून खायला लागली.

आत ओट्यावर फोन टुणकन वाजला. गुरुजी उठले नाहीत. उठले असते तर ती उडाली असती, आणि पुढच्या फोटोत खुर्ची रिकामी दिसली असती.